अर्ध्या हाताचं गाणं

हिंदी पिक्चरमधलं गाणं बघताना हिरोची नजर मधूनच कॅमेऱ्याच्या जरा बाजूला जाते. बघणाऱ्याला वाटतं, तिकडे हिरॉईन उभी असेल. तिकडे मेहरूआपा असते. कॅमेऱ्याच्या गाड्याला चिकटून, ओढणी कमरेला खोचून, ती तेच गाणं उलटं नाचत असते. हिरोचा उजवा हात तो तिचा डावा, म्हणजे त्याला आरशात बघितल्यासारखं तिच्याकडे बघून नाचता यावं. तीस वर्षं हे असंच चाललं. देशभरच्या पोरी ज्यांच्या एका नजरेसाठी झुरल्या, ते सगळे गडी मेहरुन्निसाकडे टक लावून बघत आले. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे.

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, सोफ्यांच्या गोदामावर एक लांबलचक हॉल आहे. खालून भुसा आणि पॉलिशचा वास वर येतो, आणि वरून साठ जोडी पायांचा धमधमाट खाली जातो. एका भिंतीला आरसा, समोरच्या भिंतीशी गिरधर मास्टरजींची वेताची खुर्ची. मास्टरजी गाणी बसवतात. तोंडात कायम वेलदोडा असतो आणि बोलायचं झालं तरच तो गालात सरकतो. या हॉलमध्ये मेहरू पहिल्यांदा आली ती आईचं बोट धरून. आई राबियाबी ओळीत नाचायची. राबियाबीची पोर म्हणून मेहरूला कुणी नाचून दाखव म्हटलं नाही. तिला घुंगरू दिले आणि उभं केलं. घरचं पोर आधी, ही तिथली रीत. सोनाराचा पोरगा भट्टीपाशी कसा बसला, हे जसं कुणी विचारत नाही, तसंच हेही.

त्या हिवाळ्यात रायजाद्यांच्या विहानबाबाचं पहिलं पिक्चर ठरलं. आजोबा हिरो, बाप हिरो, आणि आता हा. या धंद्यात मोठ्या घरच्या पोराला नावाने कुणी हाक मारत नाही. तो पाळण्यातही बाबा आणि दाढीमिशा फुटल्यावरही बाबाच. गिरधर मास्टरजींनी मेहरूआपाला शिकवणीसाठी जुहूच्या बंगल्यावर धाडलं. तिने बापालाही नाचवलं होतं, त्यामुळे तिचा तिथे मान होता.

बंगल्याच्या दिवाणखान्यात आजोबांचा माणसाहून मोठा फोटो होता. त्याच्याखाली विहानबाबा उभा राही आणि मूळचा होता त्याहून बारीक दिसे. पोरगा गुणाचा. आपासाठी चहा स्वतः घेऊन यायचा, चुकलं की दोन्ही कान पकडायचा. पण ताल त्याच्यापाशी वेळेवर पोचतच नसे. ठेका पडून जाई, गाणं पुढे सरके, आणि मग याचा पाय येई, पंगत उठल्यावर मांडवात शिरणाऱ्या जावयासारखा.

पहिल्याच दिवशी रायजादाबाईंनी आपाला बाजूला घेतलं होतं. "आपा, मुलाला थकवू नका हं. सोपं सोपं द्या. शेवटी लोक त्याला बघायला येणार, नाचाला नाही."

"जशी तुमची मर्जी, मॅडम."

मग आपाने उडी काढून पाऊल ठेवलं, पाऊल काढून मान हलवणं ठेवलं. गव्हातले खडे वेचावेत तसं तिने त्या गाण्यातलं सगळं कठीण वेचून टाकलं. फेब्रुवारीत गाणं शूट करायची वेळ आली तेव्हा बाबाच्या वाट्याला चालणं, हसणं आणि एक हात वर करणं एवढंच उरलं होतं, आणि तेही उशिरा.

यावर या लोकांचा एक जुना उपाय आहे. हिरो डुगडुगत असेल तर मागच्या ओळींनी अर्धा हात करायचा. हात खांद्यापर्यंत न्यायचा तिथे छातीपाशी सोडायचा, गिरकी अर्ध्यात मोडायची. मागचे सगळे मंद झाले की पुढचा उजळ दिसतो. मास्टरजींनी खुर्चीतून नुसती हनुवटी हलवली आणि आपाने सेटवर आवाज दिला, "सगळे अर्धा हात!"

"आपा," हनीफ म्हणाला. हनीफ वीस वर्षं ओळीत होता, त्यामुळे त्याला बोलायची मुभा होती. "अर्धा म्हणजे किती? मच्छर हाकलतात तेवढा?"

"तेवढाच. आणि मच्छर रायजाद्यांचा आहे असं समज. मारू नकोस."

साठ जण हसले आणि साठांचे हात खाली आले. एक सोडून. शेवटच्या ओळीत सुमनी तिर्की नावाची पोर होती, झारखंडातल्या गुमलाकडची. दीड वर्षापूर्वी एकटीच आली होती. या शहरात तिचं कुणी नव्हतं. ती जिथली, तिथे सणाला अख्खा गाव एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचतो, आणि कुणाच्या पुढे कुणी नसतो.

"सुमनी! हात!"

"आपा, मी करून बघितलं. अर्धा येत नाही मला. निघाला की पोचतोच."

"पोचतोच म्हणजे? तो हात तुझाच आहे ना?"

"आहे. पण ऐकत नाही."

आपाने तिला प्लॅस्टरच्या खांबामागे उभं केलं. पहिल्या ओळीत आपाची मुलगी नाझनीन होती. तिने अर्धा हात इतका सफाईदार केला की मास्टरजींनी मान डोलावली. आईला ते गोड वाटलं.

गाणं झालं, आणि आपाच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिना चढताना ती कठड्याला धरून उभी राहायला लागली. मास्टरजींनी ते बघितलं होतं. एका सकाळी त्यांनी वेलदोडा गालात सरकवला.

"मेहरू, ईदनंतर मोठं पिक्चर सुरू होतंय. तू आता खुर्चीत बस, पोरांवर ओरडायला तेवढी ये. कॅमेऱ्यापाशी कोण उभं राहील, ते नाव तू द्यायचं. रीत आहे."

"नाव काय द्यायचं मास्टरजी? नाझनीन आहे की."

"असेल. घाई नाही. पण एकदा दिलंस की फिरवायचं नाही. ती जागा पंचवीस-तीस वर्षांनी एकदा रिकामी होते."

नाझनीनला हे ठाऊकच होतं. त्या जागेच्या भरवशावर तिने ब्यूटी पार्लरमधलं चांगलं काम सोडलं होतं. तिने कॅमेऱ्यापाशी उभं राहायला मऊ तळव्याचे पांढरे बूटही आणून ठेवले होते.

मग पिक्चर लागलं. नाचणाऱ्यांचा रिवाज असा की शुक्रवारी पहिल्या खेळाला सगळ्यांनी मिळून जायचं. जोगेश्वरीच्या जुन्या टॉकीजमध्ये खालच्या खुर्च्या धरायच्या, आणि गाण्यात ज्याला स्वतःचं तोंड दिसेल त्याने आरोळी ठोकायची. मग बाकीच्यांनी त्याच्या टाळूवर चापट्या मारायच्या.

पडद्यावर विहानबाबा आला तेव्हा मागे बापाच्या जुन्या गाण्याची धून वाजली. लोकांनी धुनेला टाळ्या दिल्या. धून संपली, टाळ्या संपल्या, बाबा एकटाच उरला. त्याच्या अंगात आजोबांसारखा कोट होता, तोंडात आजोबांसारखी वाक्यं होती, आणि ती वाक्यं थोरल्या भावाच्या चपलांसारखी त्याला मोठी होत होती. मध्यंतरापर्यंत लोक चुळबुळले. नंतर बोलायलाच लागले.

"कोट आजोबांचा, गॉगल बापाचा," पुढच्या रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला. "याचं स्वतःचं काय आहे रे?"

"आडनाव!"

"तेही त्यांचंच की!"

गाणं आलं. मेहरूआपा खुर्चीत पुढे सरकली. तीस वर्षांत तिने एवढं मेलेलं गाणं बघितलं नव्हतं. साठ माणसं पाणी न मिळालेल्या वाफ्यासारखी मान टाकून उभी होती, आणि त्यांच्यापुढे चालणारा बाबा उजळ दिसायचा तो त्यांच्यासारखाच कोमेजलेला दिसत होता. कुणी आरोळी ठोकली नाही. नाझनीनचं तोंड चांगलं दोनदा मोठं दिसलं, तरी ती गप्प बसली.

तेवढ्यात कॅमेरा कडेने फिरला आणि खांबामागून एक हात बाहेर आला. पूर्ण हात, खांद्यातून सुटलेला, बोटांपर्यंत पोचलेला. मग अर्धं तोंड, मग एक गिरकी, आणि पोर पुन्हा खांबामागे. टॉकीजमध्ये शिट्टी वाजली. मग दहा वाजल्या.

"ए, तिला पुढे आणा रे!" तोच पुढचा माणूस ओरडला. "आणि त्याला घाला खांबामागे!"

सगळं टॉकीज हसलं. सुमनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हनीफने तिच्या टाळूवर चापट मारली. मेहरूआपाला मात्र वाटलं, कुणीतरी आपल्याच गालावर मारली. तो खांब तिने निवडला होता.

बाहेर चहाच्या टपरीवर सगळे जमले आणि रायजाद्यांचा उद्धार सुरू झाला.

"माझा बाप हिरो असता तर मीही हिरो झालो असतो," कुणी म्हणालं.

"तुझा बाप हिरो असता तर लोकांनी पिक्चर बघणंच सोडलं असतं," हनीफ म्हणाला.

नाझनीनचा आवाज सगळ्यांत वरचढ होता. "बापाच्या खांद्यावर बसायचं आणि म्हणायचं, बघा मी किती उंच! ज्याला येतं त्याला कुणी विचारत नाही. ज्याचं घर मोठं, त्याला पुढची जागा."

सुमनी आपल्या चहात बघत राहिली. हनीफने ग्लास फिरवला आणि हसत, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बोल, बोल. पहिल्या ओळीतून छान ऐकू येतं."

लोक हसले, पण जरा थांबून हसले. नाझनीनही हसली. मग तिला कळलं. तिने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला आणि तिथून निघाली.

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "अम्मी, हनीफचाचा असं का बोलले? मला नाचता येत नाही?"

"येतं की."

"मग?"

"मग काही नाही. त्याची जीभच तशी."

पण त्या दिवसापासून मेहरूआपाच्या मनात नाव घोळायला लागलं, आणि जे नाव घोळवायची गरजच नव्हती तेच अडकायला लागलं. आपल्याला आजवर कुणी नाचून दाखव म्हटलं नाही, हे तिला पहिल्यांदाच आठवलं. आपण चांगल्या निघालो हे आपलं नशीब. नसतो निघालो, तरी त्या कॅमेऱ्यापाशी आपणच उभ्या असतो.

रमजानला आठवडा उरला होता. एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात विहानबाबा उभा राहिला. एकटा. टोपी खाली ओढलेली. मागे गोदामातले सुतार रंधे हातात घेऊन जिन्यावर गोळा झाले होते.

"आपा, मला शिकवाल?"

"नवीन पिक्चर मिळालं?"

"नाही. फोनसुद्धा कुणी उचलत नाही. डॅडी म्हणतात, वर्षभर गप्प बस, लोक विसरतील." त्याने टोपी काढली. "मी टॉकीजमध्ये गेलो होतो. मागे बसलो. ती खांबामागची मुलगी करते ते त्याच गाण्यात होतं?"

"त्याच गाण्यात."

"मग मला का नाही शिकवलंत?"

"तुला जड गेलं असतं."

"मला विचारलं कुणी?"

"तुझ्या आईने सांगितलं होतं, बाबा."

"आणि तुम्हाला काय वाटलं होतं?"

हॉलमध्ये सगळे ऐकत होते. मास्टरजींचा वेलदोडा थांबला होता. मेहरूआपाने त्या पोराकडे बघितलं. याला जन्मापासून सगळ्यांनी अर्धाच हात दाखवला, तिला वाटलं. आईने, नोकरांनी, दिग्दर्शकाने, आणि सगळ्यांत जास्त मी. लाड म्हणून, मान म्हणून. मग लोकांनी पैसे देऊन तिकीट काढलं आणि पूर्ण हाताने हसले.

"नाझनीन," ती म्हणाली, "ये. याच्यासमोर उभी राहा. तेच गाणं, सगळं. एकही खडा काढायचा नाही."

मास्टरजी खुर्चीत सावरून बसले. ही कसली परीक्षा चाललीय, हे त्यांना कळलं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं. नाझनीनलाही. तिने पांढरे बूट घातले.

ती नाचली, आणि देखणी नाचली. पण बाबाचा पाय चुकला की तिचा पाय आपोआप हळू होई. तो अडखळला की हिचा हात खाली येई, त्याला बरं वाटावं म्हणून. "छान, बाबा. होतंय, होतंय," ती म्हणत राहिली. गाणं संपेपर्यंत ती त्याच्याइतकी संथ झाली होती. मेहरूआपाला तिच्यात कुणाची चूक दिसत होती? स्वतःची. पोरीने आईचंच उचललं होतं, तंतोतंत.

"सुमनी, आता तू."

सुमनी अनवाणी आली. तिने बाबासमोर उभं राहून नमस्कार केला आणि पहिल्या ठेक्याला हात सोडला तो थेट बोटांपर्यंत. बाबा मागे पडला. ती थांबली नाही. मग थांबली.

"चुकलं, दादा. परत."

रायजाद्यांच्या नातवाला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं आणि 'चुकलं' असं तर मुळीच नाही. जिन्यावरचा एक सुतार हसला, त्याला दुसऱ्याने कोपर मारलं.

"परत," बाबा म्हणाला.

परत चुकलं. परत केलं. तो पाय अडकून खाली बसला, घामाने निथळलेला, आणि पहिल्यांदाच मोकळा हसला. सुमनीने त्याला हात दिला नाही. कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिली. तो उठला. कितव्यांदा कोण जाणे, पण एका वळणावर ठेका पडला आणि त्याच क्षणी त्याचा पाय पडला. त्याला स्वतःला ते कळलंही नाही.

"हां! आला!" सुमनी ओरडली. "आता थांबू नका, दादा, आता थांबू नका!"

तो आठ ठेके टिकला. नवव्याला पुन्हा घसरला. पण ते आठ त्याचे होते.

मेहरूआपा मास्टरजींच्या खुर्चीपाशी गेली. आठ पावलांचं अंतर, पण तिला ते लांब वाटलं. नाझनीन आरशाला पाठ लावून उभी होती. आपाने हळू आवाजात सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तिने मुलीच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"मास्टरजी, नाव सुमनी."

"फिरवायचं नाही हं."

"नाही फिरवणार."

नाझनीनने बूट काढले, पिशवीत कोंबले आणि जिन्यावरच्या सुतारांना बाजूला सारत खाली उतरली.

घरात मग जे झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं.

"लोकांच्या आया पोरांसाठी दुनिया उलटी करतात! रायजादाबाईंना बघ!"

"बघितलं. त्यांचं पोरगं आज कुठे येऊन उभं राहिलं तेही बघितलं."

"मी पार्लर सोडलं तुझ्या शब्दावर!"

"सोडलंस. तो शब्द मी द्यायलाच नको होता, तो माझा नव्हता." आपा खाटेच्या कडेला बसली. गुडघे ठणकत होते. "तू वाईट नाचत नाहीस, नाझू. पण तुला चुकलं असं आजवर कुणी म्हटलं नाही. मी म्हटलं नाही, माझ्या धाकाने बाकीच्यांनी म्हटलं नाही. मी तुझ्यावर माया केली आणि तुला अर्धीच वाढवली."

"भाषण नको देऊस, अम्मी."

"बरं. नाही देत."

रोजे सुरू झाले. हॉलमध्ये नव्या पिक्चरची तालीम लागली आणि नाझनीन गेली नाही. पहाटे आईबरोबर जेवायची, आणि तेवढंच. भांडी मात्र खूप वाजायची. मेहरूआपा रोज एकटी जिना चढे, खुर्चीत बसे आणि सुमनी कशी ओरडते ते बघे. विहानबाबाही येई आणि शेवटच्या ओळीत उभा राही. पहिले काही दिवस पोरं त्याला वाट करून देत. मग हनीफ त्याला म्हणाला, "ए, सरक जरा, तुझ्या कोपराने माझा दात पडेल," आणि तेव्हापासून तो त्यांच्यातला झाला. त्याला नाचता येईल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. तो वेळेवर मात्र येत होता.

असाच एक दिवस मावळला. अजान झाली, माय-लेकींनी खजुराने रोजा सोडला. नाझनीनने भजी तळली होती. ताटली आईपुढे सरकवली, स्वतः एक उचललं, मोडलं, फुंकर घातली.

"ती ओरडते म्हणे," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी सुमनी."

"ओरडते. काल हनीफला बाहेर काढलं."

नाझनीनला हसू आलं. तिने ते भज्याबरोबर गिळलं. "हनीफचाचांना?"

"तुझ्या चाचालाच. जिन्यात बसून होता बिचारा, परत घेईपर्यंत."

खाली गल्लीत फळवाला टरबुजाच्या फोडी विकत ओरडत होता. मग नाझनीनने हात पुसले, आणि आईकडे न बघता विचारलं,

"उद्या किती वाजता बोलावलंय तिनं?"